कोऱ्या कागदाचं दुखणं



आजचं चिंतन : गीता, अध्याय 13, श्लोक 7 (काही प्रतींत हाच श्लोक आठवा येतो). आणि त्यातलाही फक्त पहिला शब्द. अमानित्व.

तेराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला ज्ञान म्हणजे काय ते सांगतात. आपल्याला वाटतं, आता ब्रह्म, माया असं काहीतरी भारी येणार. ते येतंच, पण जरा नंतर. आधी येते एक यादी. वीस लक्षणांची. त्या यादीत पहिल्या नंबरावर ध्यान नाही, वैराग्य नाही, अहिंसासुद्धा नाही. अहिंसा तिसरी. पहिलं आहे अमानित्व, म्हणजे लोकांनी मला मोठं म्हणावं ही भूक नसणं. त्याच्या मागोमाग अदंभित्व, म्हणजे आपण जे करतो त्याचं दुकान न मांडणं.

गंमत बघा. भगवंत हे 'चांगलं कसं वागावं' या सदरात सांगत नाहीयेत. 'ज्ञान कशाला म्हणावं' या सदरात सांगतायत. म्हणजे मानाची भूक हा नुसता स्वभावाचा दोष नाही, तो समजण्यातला घोटाळा आहे. काहीतरी चुकीचं दिसतंय, म्हणून भूक लागते.

ज्ञानेश्वर माऊलींनी या एका शब्दावर भरभरून लिहिलंय. ते असा माणूस उभा करतात, की त्याचे खरोखर असलेले गुण कुणी वाखाणायला लागलं तरी तो कासावीस होतो. कसा? तर पारध्याने घेरलेलं हरीण जसं गडबडतं, किंवा हाताने पोहत नदी पार करणारा भोवऱ्यात सापडला की जसा घाबरतो, तसा. ज्ञानाने तो बृहस्पतीच्या तोडीचा असतो, पण मोठेपणा चिकटेल या भीतीने वेड्यासारखा राहून लपतो.

आता हे वाचून आपल्यातला कुणीही म्हणेल, "अरे, पण माझा प्रॉब्लेम बरोबर उलटा आहे. मला कुठे कोण मान देतंय? मी तर रोज रात्री फोन बघून झोपताना स्वतःला शून्य समजतो. मला अमानित्व कशाला शिकवता?"

आजचं सगळं चिंतन या प्रश्नासाठीच आहे. आणि त्यासाठी एक जुनी गोष्ट नव्याने वाचायचीय. चांगदेवांची.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण आपण घाईत वाघापाशी आणि भिंतीपाशी पोचतो. मी त्याच्या आधीचं म्हणतोय. परंपरा सांगते की चांगदेव योगबळावर 1400 वर्षं जगले होते. सिद्धी हात जोडून उभ्या, मागे शिष्यांचा मोठा मेळा. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या काळातला सगळ्यात मोठा सेलिब्रिटी योगी. त्यांच्या कानावर आलं की आळंदीला चार भावंडं आहेत, पोरसवदा, आणि त्यातल्या ज्ञानदेवाचं नाव लोक फार आदराने घेतायत. भेटायला जाण्याआधी पत्र पाठवावं म्हणून चांगदेव बसले. आणि मायन्यालाच अडले.

वयाने ही पोरं कालची. म्हणजे 'चिरंजीव' लिहून आशीर्वाद द्यायला हवा. पण अधिकार बघावा तर मोठा. मग 'तीर्थरूप' लिहून नमस्कार करायचा? 1400 वर्षांच्या माणसाने? 'चिरंजीव' लिहावं तर त्यांचा अपमान, 'तीर्थरूप' लिहावं तर आपला. शेवटी काहीच न लिहिता त्यांनी कागद कोराच पाठवून दिला.

मुक्ताई हसली म्हणतात. 1400 वर्षं जगूनही हे कोरेच राहिले!

या प्रसंगात चांगदेवांकडे काय कमी होतं? विद्या होती, सिद्धी होती, लोक होते. सांगण्यासारखंही पुष्कळ असणार. अडलं फक्त एका प्रश्नावर : मी यांच्या वर की खाली? तो सुटेपर्यंत लेखणी उचलायची नाही, आणि तो तर सुटण्यासारखाच नव्हता. मला वाटतं, सेलिब्रिटींच्या या काळात आपल्या पिढीला नेमकं हेच झालंय. आपला कागद कोरा राहतोय, आणि आपल्याला वाटतंय की आपल्याकडे लिहिण्यासारखंच काही नाही.

थोडं कारण समजून घेऊ. 1954 साली लिओन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. सोप्या शब्दांत असा : जिथे मोजायला पट्टी नसते तिथे माणूस दुसऱ्या माणसाशी तुलना करून स्वतःला मोजतो, आणि ती तुलना शक्यतो आपल्यासारख्याशीच करतो. हे आपल्या आजीलाही माहीत होतं. राजाचा हत्ती बघून कुणाला हेवा वाटायचा नाही. हत्ती बघायला लोक पोरंबाळं घेऊन जायचे, हात जोडून घरी यायचे आणि शांत झोपायचे. हेवा वाटायचा तो शेजाऱ्याच्या बैलजोडीचा.

फोनने काय केलं, तर राजाचा हत्ती शेजाऱ्याच्या गोठ्यात आणून बांधला. फीड उघडलं की मावसभावाच्या नव्या गाडीचा फोटो, त्याखाली एका नटीचं सकाळचं आवरणं, त्याखाली कॉलेजच्या मैत्रिणीचा साखरपुडा, त्याखाली क्रिकेटपटूचा व्यायाम. सगळ्यांची चौकट एकाच मापाची. तीच जागा, तेच हृदयाचं चिन्ह, खाली तसाच आकडा. मनाला वाटतं, ही सगळी आपल्यासारखीच माणसं. त्या नटीमागे मेकअप करणारे, कॅमेरा धरणारे, जेवण मोजून देणारे असतात, ते चौकटीबाहेर राहतात. हत्तीचा माहूत दिसतच नाही. मग आपण आपल्या दोन खोल्यांच्या संसाराची बरोबरी हत्तीशी करतो आणि म्हणतो, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

तिसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतात की श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसं इतर लोक वागतात, तो जे प्रमाण मानतो तेच जगाचं प्रमाण होतं. डिसेंबर 2017 मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्माचं लग्न इटलीत झालं. तिचा फिकट गुलाबी लेहंगा सगळ्या देशाने बघितला, आणि पुढे लग्नांत असे फिकट रंग किती दिसायला लागले ते आपण पाहिलंच. यात त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांनी आपलं लग्न केलं. पण त्यांचा आनंद हे आपलं किमान माप झालं, की मग इथे कुणीतरी प्री-वेडिंग शूटसाठी कर्ज काढतो आणि वडील पीएफला हात घालतात. दुखणं तिथे सुरू होतं.

आणि वर पोचलेल्याला तरी स्वस्थता असते का? 20 एप्रिल 2023 आठवा. ट्विटरने जुन्या मोफत निळ्या खुणा काढून घेतल्या. एका रात्रीत अमिताभ बच्चन, शाहरुख खान, विराट कोहली यांच्या नावापुढची खूण गेली. बच्चनसाहेबांनी आपल्या नेहमीच्या मिश्किल ढंगात हात जोडून लिहिलं की पैसे भरलेत, आता तरी ती खूण परत द्या. आपण सगळे हसलो. त्यांनीही ते हसतच लिहिलं होतं. पण जरा थांबून बघितलं तर केवढं शिकायला मिळतं! ज्यांना अख्खा देश आवाजावरून ओळखतो त्यांच्याही नावापुढची खूण दुसऱ्याच्या हातात असते. दिली तर आहे, काढली तर नाही. भगवंत गुणातीताचं लक्षण सांगताना मान आणि अपमान एका पारड्यात ठेवतात ते याचसाठी. जो मान देऊ शकतो तो परतही घेऊ शकतो.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. "मी तर स्वतःला कमी समजतो, मग मला अमानित्व कशाला?"

कारण स्वतःला कमी समजणं म्हणजे अमानित्व नव्हे. ती मानाची भूकच आहे, फक्त उपाशी. गर्विष्ठ माणूस रोज मोजतो आणि म्हणतो, मी वर. न्यूनगंडाने पछाडलेला रोज मोजतो आणि म्हणतो, मी खाली. दोघांच्या हातात पट्टी तीच. माऊलींचा अमानी माणूस आतून भरलेला आहे, तो मोजतच नाही. सहाव्या अध्यायात तर भगवंतांनी स्पष्ट सांगितलंय की स्वतःचा उद्धार स्वतः करावा, स्वतःला खचू देऊ नये. स्वतःला तुच्छ लेखणं ही भक्ती नाही. तसं वाटत असेल तर ते आजच डोक्यातून काढून टाकू या.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. डेटाबेसमध्ये एखादा रकाना रिकामा असेल तर त्याचा अर्थ शून्य असा होत नाही. शून्य ही किंमत आहे, रिकामं म्हणजे किंमत अजून लिहिलेलीच नाही. नवशिके या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि सगळा हिशोब बिघडतो. आपणही कोरा कागद बघतो आणि त्यावर शून्य वाचतो.

माझ्या ओळखीत एक मुलगा आहे. हरिपाठाला छान पेटी वाजवायचा. छान म्हणजे काय, सुरात आणि मनापासून. मग त्याने मोठमोठ्या वादकांच्या रील्स बघायला सुरुवात केली. आधी आनंदाने, मग अभ्यासासाठी, आणि मग हळूहळू त्याची बोटं जड झाली. "त्यांचं ऐकल्यावर आपलं वाजवायला लाज वाटते रे," असं म्हणून त्याने पेटी बंद केली. त्याचं भजनी मंडळ आता फोनवर तंबोरा लावून गातं. त्याच्या वाजवण्याने कुणीही प्रसिद्ध झालं नसतं, पण दर एकादशीला पंधरा माणसं सुरात गायली असती. हा झाला कोरा कागद. तुलनेमुळे आपल्याला वाईट वाटतं हे तर आहेच. खरं नुकसान पुढे होतं. जी सेवा फक्त आपल्याच हातून व्हायची, ती होत नाही.

मग ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाचं काय केलं? निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून त्यावर 65 ओव्या लिहिल्या. हीच ती चांगदेव पासष्टी. टोमणा नाही, उपदेशाचा तोरा नाही. चांगदेव ज्या मायन्यापाशी अडले होते, तिथून ज्ञानदेव सहज पुढे गेले. आरंभीच 'स्वस्ति' म्हणून मंगल चिंतलं आणि थेट त्या एका आत्मतत्त्वाबद्दल बोलायला लागले, जे चांगदेवांतही तेच आणि ज्ञानदेवांतही तेच. त्यातला एक दृष्टांत माझ्या फार आवडीचा आहे. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोन्याचं सोनेपण काही कमी होत नाही. पाण्यावर लाटा आल्या तरी त्या बाजूला सारून पाणी शोधावं लागत नाही, लाट म्हणजे पाणीच.

आता हा दृष्टांत आपल्यावर लावून बघा. दागिन्यांत लहानमोठं असतंच. नथ आणि कमरपट्टा सारखे नाहीत. कुणाला आवाज मिळाला, कुणाला रूप, कुणाला घराणं, हे फरक ज्ञानदेव नाकारत नाहीत. ते फक्त विचारतात की तू दागिन्याच्या आकाराला 'मी' म्हणतोस की सोन्याला? नथ कमरपट्ट्याकडे बघून रडत बसली तर तिला तिचं सोनं दिसलेलंच नाही. सुरुवातीला म्हटलं ना, समजण्यातला घोटाळा, तो हाच. म्हणून अमानित्व ज्ञानाच्या यादीत पहिलं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, नाहीतर हे चिंतन अर्धवट राहील. समाजातली वरखाली नुसती मनात नसते. चोखोबांना देवळात पाऊल टाकता आलं नाही. त्यांची समाधी आजही पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे, नामदेव पायरीसमोर. विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. ज्याला रांगेतच उभं राहू दिलं नाही त्याला 'तू मनातली तुलना सोड' असं सांगणं हा उद्धटपणा झाला. रांगेत उभं राहण्याचा हक्क मागणं वेगळं आणि रांगेत पहिला नंबर मागणं वेगळं. पहिल्यासाठी लढावं. दुसऱ्यापासून सुटावं. ऑफिसात योग्य पगार मागताना, घरात स्वतःसाठी दोन शब्द बोलताना 'अमानित्व' म्हणून गप्प बसू नका.

आणि दुसरी सावधगिरी आपल्यासारख्या 'ऑनलाइन भक्तां'साठी. ही पट्टी फार चिवट आहे, ती देव्हाऱ्यातही शिरते. कुणाच्या किती वाऱ्या झाल्या, कुणाच्या दिंडीच्या व्हिडिओला किती व्ह्यूज, कुणाचं कीर्तन किती शेअर झालं. भक्तीचा पण स्टेटस होतो, दोन्ही अर्थांनी. फोटो काढूच नये असं मी म्हणत नाही. वारीच्या रील्स बघून पहिल्यांदा आळंदीला आलेली पोरं मी पाहिलीत, माऊलींनी त्यांना कसंही बोलावू दे. पण टाळ वाजवताना लक्ष टाळाकडे की कॅमेऱ्याकडे, हे ज्याचं त्याला कळतं. अदंभित्व अमानित्वाला इतकं चिकटून का आलंय, ते अशा वेळी समजतं.

आता पुंडलिकाकडे बघा. साक्षात परब्रह्म दारात आलं. याच्यावर मोठा पाहुणा या त्रिभुवनात कोण? आपण असतो तर? हातातलं टाकून धावलो असतो, एक सेल्फी झाला असता, संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर गेला असता. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. त्याने वीट सरकवली आणि देवाला म्हणाला, यावर उभा राहा, हे काम झालं की येतो. त्याला देवाबद्दल आदर नव्हता असं कोण म्हणेल? पण दारात कोण आलंय यावर त्याच्या हातातल्या कामाची किंमत ठरत नव्हती. आणि देवाला याचा राग आला का? तो त्या विटेवर उभा राहिला तो अजून उभा आहे. आजही वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात आधी पुंडलिकाचं दर्शन घेतो, मग विठोबाचं.

पडद्यावरच्या ताऱ्याला आपण बघतो, तो आपल्याला बघत नाही. पंढरीत उलटं आहे. तिथे कुणीही रांगेतून जातो आणि थेट देवाच्या पायांवर डोकं ठेवतो. तुमचे फॉलोअर किती, हे ते पाय विचारत नाहीत.

शेवटी पुन्हा त्या मायन्याकडे येऊ. 'चिरंजीव' की 'तीर्थरूप'? वारकऱ्यांनी हे कोडं एका शब्दात सोडवून टाकलंय. वारीत समोर कुणीही येवो, सत्तरीचा शेतकरी, विशीतली डॉक्टर, पाण्याचा टँकर चालवणारा, बंदोबस्ताचा पोलीस. हाक एकच. माऊली. तो तुमच्या पाया पडतो, तुम्ही त्याच्या पाया पडता. आधी कोण वाकायचं ते ठरवायला वय, पगार, जात काहीच विचारावं लागत नाही. चांगदेवांना जो शब्द सापडला नाही तो आपल्या तोंडात रोज असतो. फक्त वारीबाहेर आपण तो वापरत नाही.

आजचा नेम : तुलनेमुळे बंद पडलेलं एक काम आठवा. पेटी असेल, चित्र असेल, ज्ञानेश्वरीचं वाचन असेल, एखाद्या जुन्या मित्राला करायचा राहून गेलेला फोन असेल (तो फार पुढे गेला, आता काय बोलायचं, म्हणून राहिलेला). आज पंधरा मिनिटं ते करा. चांगलं नाही, नुसतं करा. कुणाला दाखवू नका, स्टेटसला ठेवू नका. आणि फीडमध्ये एखादा चेहरा बघून आत टोचलं, तर त्या चेहऱ्याला मनातल्या मनात एकदा 'माऊली' म्हणा आणि फोन उपडा ठेवा. तोही त्याच सोन्याचा आहे. त्यालाही रात्री झोप येत नसेल, कुणी सांगावं.

उद्या अदंभित्व घेऊ.

राम कृष्ण हरी.